नानांची जपानवाली

चिखली

चिखलीच्या बसस्थानकाबाहेर मी एका अनोळखी कुटुंबाच्या गाडीत जाऊन बसलो. नुसता बसलो असतो तर एक वेळ निभावलं असतं. पण मी डिकी उघडून बॅग ठेवली, पुढच्या सीटवर ऐसपैस टेकलो, पट्टा लावला, चष्मा पुसला आणि म्हणालो, "हं, चला, निघू या."

"कुठं?" मागून आवाज आला.

मागच्या सीटवर एक आजीबाई होत्या. मांडीवर हरभऱ्याची जुडी, तोंडात घाटा. त्यांनी माझ्या टकलाकडे जरा वेळ पाहिलं आणि खिडकीतून हाक मारली, "संजा, अरे हा कोन मानूस येऊन बसला पाय बरं! चष्मा पुसून राह्यला!"

संजा हातगाडीवर केळी घेत होता. तो केळ्यांसकट धावत आला. मी पट्टा सोडवण्याच्या नादात काच खाली केली, वायपर चालू केले आणि अखेर म्हणालो, "मी डोणगावचा जावई आहे." माझ्या घरी हे वाक्य कधीच कामाला आलेलं नाही, पण बुलढाणा जिल्ह्यात ते ओळखपत्रासारखं चालतं.

"कोनाचा जवाई?" आजींचा आवाज बदलला.

"कापडवाल्या नानांचा."

"अगं माय! मंग बसा की! उतरून काऊन राह्यले?" त्यांनी जुडीतले मूठभर घाटे माझ्या हातात कोंबले. "माह्या बहिनीची नात त्याईच्याच गाडीत गेल्ती सासरी. जपानवालीत. लय चांगलं चाललं तिचं."

चूक माझी होतीच, पण सगळीच माझी नव्हती. मला न्यायला येणाऱ्या रफिकभाईंनी फोनवर सांगितलं होतं, "पांढरी गाडी राहीन, जपानवाली. बसून घ्या." मी उतरून पाहिलं तर स्थानकाबाहेर ओळीनं उभ्या असलेल्या साऱ्या गाड्या पांढऱ्या होत्या, आणि झाडून साऱ्या त्याच कंपनीच्या. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. इकडे ते कुणी घेतही नाही. 'जपानवाली' म्हटलं की पुरतं.

रफिकभाई आले ते आणखी एका पांढऱ्या जपानवालीतून. ती त्यांची नव्हती, एका तलाठ्याची होती. डोणगावात मेहकर रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे आणि ते कायम कुणाच्या तरी दुरुस्तीला आलेल्या गाडीतून फिरतात. त्याला ते 'ट्रायल' म्हणतात. या तलाठ्याच्या गाडीची ट्रायल म्हणे शेगावच्या दर्शनापर्यंत झाली होती, तीही रफिकभाईंच्या साऱ्या शेजाऱ्यांना घेऊन.

"नाजियाचं लगन हाय, लय काम हाय, तरी म्हटलं जवाईबापूले आपनच आनाचं," ते म्हणाले. नाजिया ही त्यांची मुलगी. तिच्या लग्नासाठीच मी पुण्याहून आलो होतो. आणि त्यानंतर एक वाईट काम करायचं होतं, त्यासाठीही.

सांगतो. नाना म्हणजे माझे सासरे. गेल्या पावसाळ्यात ते गेले. त्यांच्यामागे डोणगावात सासूबाई राहिल्या, बाजारातलं बंद दुकान राहिलं आणि पत्र्याखाली उभी असलेली एक छोटी, चौकोनी, अंगावर घासायच्या साबणाच्या वडीसारखी गाडी राहिली. तिच्या कागदांची मुदत संपत आली होती. घरात चालवणारं कुणी नाही. चिखलीच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याशी माझं बोलणं झालं होतं. बायकोला, वंदनाला, मी म्हटलं, "तूही चल." ती म्हणाली, "मुलीची सराव परीक्षा आहे." मुलगी म्हणाली, "माझी संपली की." वंदना आत जाऊन कुकर लावत बसली. रिकामा कुकर.

पण नानांनी रफिकभाईंना शब्द दिला होता. नाजिया लहान असताना दिला होता, तिनं नानांच्या कडेवर बसून तो मागून घेतला होता: सासरी जाईन ती याच गाडीतून. म्हणून सासूबाईंनी मला फोनवर बजावलं होतं. आधी पोरगी जाईल, मग गाडी जाईल.

चिखलीच्या बाजार समितीपुढून जाताना कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती. वाऱ्यानं सरकीचे पांढरे पुंजके रस्त्यावर लोळत होते. मला नानांची आठवण झाली. कापडाच्या दुकानात गादीवर बसून ते या कंपनीचा इतिहास सांगत, आणि तो ऐकल्याशिवाय मी कधी चहा प्यालेलो नाही.

जपानात समुद्राकाठच्या एका गावी कुणी एक सुतारकाम शिकलेला माणूस होता. त्यानं म्हणे पहिला माग केला तो आपल्या आईसाठी, तिचे हात दुखतात म्हणून. तो इतका चांगला निघाला की शेजारणी मागायला आल्या, मग सारा मुलूख आला आणि मागांचा कारखाना झाला. पुढे मोठ्या लढाईनंतर एकदा कापसाचा बाजार कोसळला. माग कोण घेणार? तेव्हा त्यांनी सायकलीला इंजिन बसवलं, मग मोटारसायकली केल्या, मग मोटारी. आपल्याकडे ती छोटी मोटार सरकारनं हात धरून आणली, आणि ज्यांनी जन्मात गाडी घेतली नसती अशा लोकांच्या दारात ती उभी राहिली.

"आता सांगा," नाना म्हणत, आणि बोटांनी हवेत कापडाचा पोत तपासत. "ज्याले धागा न तुटू देता कापड विनता येते, तो इंजन तुटू देईन काय?"

अकोल्याच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ती गाडी जुनी घेतली ती एवढ्या एका विचारावर. मायलेज विचारलं नाही, टायर पाहिले नाहीत. सीटचं कापड मात्र चुरगाळून पाहिलं.

रफिकभाईंचा इतिहास वेगळा होता. "जपानमधी ना जवाईबापू, गाडी बंद पडली तं कारीगर रडते. घरी जेवत नाई. इंजनमधी हात घालाचं काम नाई, तेल टाका अन् दुवा द्या. नानाची गाडी रस्त्यात उभी राह्यलेली कोन्या मानसानं पाह्यली नाई. मी गॅरेजवाला, माह्या पोटावर पाय हाय तो!"

असं म्हणत त्यांनी तलाठ्याची गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडलं. वाफ बाहेर आली.

"ही येगळी गोष्ट हाय," ते म्हणाले.

डोणगाव

सासूबाईंनी पातोडीचा रस्सा केला होता. ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी लिहितो: बेसन शिजवून थापायचं, वड्या पाडायच्या आणि त्या अशा रस्स्यात सोडायच्या की पहिल्या घासाला कानामागून घाम यावा. माझ्या पुण्यातल्या घरी पाहुण्याला "घ्या ना" एकदा म्हणतात, फार तर दोनदा. इथे विचारतच नाहीत. ताटावर आडवा हात धरला तर हातावर वाढतात.

"वंदी नाई आली," सासूबाई म्हणाल्या.

"परीक्षा आहे, आई."

"हाव. ते गेले तवापासून मले बी गाडीकडं पाहवलं नाई." त्यांनी आणखी एक भाकर माझ्या ताटात टाकली. मायलेकींचं दुःख व्यक्त करण्याचं साधन स्वयंपाक हेच आहे, हे मला इतक्या वर्षांनी उमगलं आहे. त्याचा पुरावा माझ्या पोटावर आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पत्र्याखालून गाडी बाहेर काढली. आत कोऱ्या कापडाचा वास होता. सीटवर नानांनी स्वतः आणलेलं मांजरपाट शिवून घातलेलं, मागच्या खिडक्यांना गुलाबी फुलांचे पडदे. रफिकभाईंनी तेल बदललं, बॅटरी घातली, चाकांत हवा भरली, बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. रफिकभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू जपानचं पितृत्व त्यांच्याकडे आहे.

संध्याकाळभर लोक गाडी पाहायला येत होते. गाडी पाहायला म्हणजे तिला हात लावायला. वरच्या आळीतल्या प्रज्ञाताई आल्या. त्या अकोल्याला परिचारिका आहेत, माहेरी आल्या होत्या. "लगन लागून विहारातून निघालो तवा माहं डोकं या पडद्यात अडकलं होतं," त्या पडदा सारखा करत म्हणाल्या. "नाना म्हने, पडद्याले बी तू जाऊ नये वाटून राह्यलं." कुणाची मुलगी, कुणाची बहीण, गावातल्या किती जणी या गाडीतून गेल्या त्याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. एवढं मात्र साऱ्यांना ठाऊक होतं की नाना कुणाच्या हातात चाक देत नसत. स्वतः चालवत. आणि त्या गाडीतून गेलेली पोर सुखानं नांदते.

वंदनाही त्याच गाडीतून आली. बापानं लेकीला पोचवायला जाऊ नये असं तेव्हा चार जण म्हणाले, पण नानांनी फेटा बाजूला ठेवला आणि चाकावर बसले. तो सगळा प्रवास माझ्या स्मरणात आहे, असं मी आजवर सांगत आलोय. सुखात नांदण्याविषयी मी बोलणं बरं नव्हे.

आता चाक माझ्या हाती येणार होतं. रात्री फोनवर वंदनाला मी म्हटलं, "भीती वाटतेय गं."

"गाडीची?"

"नानांची."

ती हसली नाही. "हळू चालवा," एवढंच म्हणाली.

निकाह दुपारी झाला. नवरदेव इम्रान, लोणारचा, मोबाइलच्या दुकानाचा मालक, अंगानं किरकोळ आणि शेरवानीत हरवलेला. त्याच्या घरच्यांनी एक मोठी उंच गाडी फुलांनी मढवून आणली होती. आमची साबणाची वडी तिच्या बाजूला उभी राहिली तेव्हा तिचं धाकटं पिल्लू वाटत होती. इम्रानची फुफी, म्हणजे आत्या, जाड सोन्याच्या बांगड्यांची बाई, आमच्या गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "इसमें? लोनार तक?"

"फुफीजान, नानाचा शब्द हाय," रफिकभाई म्हणाले. ते हसत होते, पण हातातला रुमाल पिळत होते. माझ्या लक्षात आलं की गॅरेजवाल्याच्या लेकीची पाठवणी आहे आणि व्याह्यांपुढे गाडी अडली, तर तो माणूस लोणारात कधी मान वर करून जाऊ शकणार नाही.

आमच्यासाठी वेगळ्या चुलीवर वरण-भात, वांग्याची भाजी आणि जर्दा केला होता. केशरी गोड भात, त्यात खोबऱ्याचे काप. मी तो इतका खाल्ला की चाकामागे बसताना सीट मागे घ्यावी लागली. रफिकभाईंनी गाडी सुरू करून मांडवाच्या तोंडाशी आणून दिली होती. इंजिन गुरगुरत होतं. मी बसलो.

मांडवातून बायका नाजियाला घेऊन निघाल्या. डोक्यावर कुराणशरीफ धरलेलं, हुंदके, अत्तर, चिल्ल्यापिल्ल्यांचा गलका. तिला मागच्या सीटवर बसवलं. मग एक वृद्ध मौलवीसाहेब पुढे आले आणि दुवेसाठी सगळ्यांनी हात उचलले. एकदम शांतता झाली. त्या शांततेत फक्त माझं इंजिन घुरघुरत होतं आणि धूर थेट मौलवीसाहेबांच्या दाढीकडे चालला होता. मला फार ओशाळं वाटलं. देवाधर्माच्या वेळी असा आवाज बरा नव्हे. शहरात वाढलेल्या माणसाला आपण सभ्य आहोत हे दाखवायची संधी कुठेही सापडते.

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

सगळ्यांचे हात वर होते, डोळे मिटलेले होते, तरी सारं डोणगाव एकदम दचकलं. मौलवीसाहेबांनी एक डोळा उघडला. रफिकभाईंचे दोन्ही उघडले.

"आमीन" झालं. मी किल्ली फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट्. आत कुठेतरी खोल, म्हाताऱ्या माणसानं जीभ टाळ्याला लावावी तसा आवाज.

"बंद काऊन केली?" रफिकभाई खिडकीशी आले. आवाज नव्हता, नुसते ओठ.

"दुवा चालू होती..."

"नाना कधीच बंद नोहते करत! पोरगी बसन, उतरन, तथलोग इंजन चालूच! गरम झाल्यावर तिचा सेल्फ घेत नाई."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी घरचे जवाई हाय. मले वाटलं, तुमाले माहीत असन."

चूक समजली, कारण मात्र कुणालाच धड माहीत नव्हतं. गर्दीत जो तो आपलं सांगू लागला. कुणी म्हणालं, पाठवणीच्या वेळी चालतं चाक बंद करणं अशुभ. कुणी म्हणालं, नानाचा नवस होता. सासूबाई म्हणाल्या, "पेट्रोल जाते तं जाऊ द्या, म्हनायचे. वंदीच्या लग्नापासून हेच." आणि रफिकभाई कपाळ चोळत म्हणाले, "सेल्फ नवा टाकू का, हजारदा इचारलं. म्हने, राहू दे, असाच बरा."

फुफी आपल्या जावेला म्हणाली, "शगुन अच्छा नहीं." हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढं हळू. इम्रानचे वडील घसा खाकरून म्हणाले, "आपली मोठी गाडी हाय ना. बेटी, इकडं बस."

रफिकभाईंनी मान खाली घातली. मी चाक धरून बसलो होतो. नानांनी इतक्या वर्षांत कमावलेलं मी एका दुवेत घालवलं होतं.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. नाजिया उतरली. मला वाटलं, चालली मोठ्या गाडीकडे. तिनं ओढणी खांद्यावरून काढून कमरेला गुंडाळली, मेंदीचे दोन्ही हात गाडीच्या पाठीला लावले आणि म्हणाली, "अब्बा, सरका तिकडं."

"बेटा, तू...?"

"गॅरेजवाल्याची पोरगी हाय मी. लावा हात."

बाप आला. क्षणभर दोघंच होती, नवरी आणि तिचा बाप, आणि मी आरशातून पाहत होतो. तिचा झुमका हलत होता. रफिकभाई रडत होते आणि जोर लावत होते. मग शेरवानी सावरत इम्रान आला. फुफी ओरडली, "दूल्हा धक्का देता क्या!" तर तो म्हणाला, "दुल्हन देती है तो मैं क्या खड़ा रहूँ?" त्यावर जी शिट्टी पडली तिच्यानंतर मांडव रिकामा झाला. वऱ्हाडी, बॅण्डवाले, आचारी, प्रज्ञाताई, सारे मागे. मौलवीसाहेबांनी टेकायला म्हणून हात ठेवला, असं ते नंतर म्हणाले.

गाडी निघाली. मी क्लच दाबून बसलो होतो.

"सोडा! सोडा!"

"आत्ताच नोका सोडू!"

"अबे, जवाईबापू, सोडा आता!"

आयुष्यात मला एकाच वेळी इतकं 'बे' आणि इतकं 'बापू' कुणी म्हटलं नव्हतं. मी क्लच सोडला. गाडीनं एक उडी मारली, खोकली, आणि तिच्या पोटात ते जुनं घुरघुरणं पुन्हा जागं झालं. मागून असा गजर उठला की झाडावरच्या साळुंक्या उडाल्या.

"थांबू नोका! चालत राहा!" रफिकभाई किंचाळले.

मी थांबलो नाही. आरशात पाहिलं तर नाजिया लेहंगा दोन्ही हातांनी उचलून पळत येत होती, मागून इम्रान, त्याच्या मागून इम्रानची एक मोजडी. चालत्या गाडीचं दार उघडून ती आत पडली, तो तिच्यावर पडला, आणि दोघं हसत होती. पाठवणीला पोरी रडत गाडीत बसतात हे मी खूप पाहिलंय. हसत, पळत येऊन गाडी पकडणारी नवरी पहिल्यांदाच पाहिली. रडायचं तिच्या लक्षात आलं तेव्हा गावची वेस मागे पडली होती.

लोणार

मेहकरवरून वळून सुलतानपूरमार्गे लोणारला जाताना दोन्हीकडे हरभरा होता, मधेच तुरीच्या कापलेल्या ओळी, मधेच उरलासुरला कापूस बोंडांना चिकटलेला. मोठी गाडी फुलं गाळत आमच्यामागे येत होती. नवरा-नवरी मागे कुजबुजत होती. इंजिन एका सुरात चाललं होतं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की नानांना हे काम का आवडत असेल. पुढे रस्ता, मागे कुणाचं तरी आयुष्य सुरू होतंय, आणि आपण फक्त खड्डे चुकवायचे.

लोणारात दारात उतरताना नाजियानं वाकून गाडीच्या पाठीवर हात फिरवला. फुफी माझ्याजवळ आली. मी इंजिन चालू ठेवूनच खिडकीतून हात जोडले. "भाईसाब, अंदर आओ, चाय पियो," ती म्हणाली. "गाड़ी मैं पकड़ती हूँ." तिनं खरोखर बॉनेट धरलं.

रात्री त्यांनी मला ठेवून घेतलं. सकाळी मी गाडी सरोवराच्या काठाला उतारावर लावली. लोणारात उतारांना तोटा नाही. खाली ते पाणी हिरवं, स्थिर, सभोवती झाडीचं कडं. आकाशातून कधीकाळी एक दगड येऊन पडला आणि हा खड्डा झाला. इतकं मोठं काही आदळलं, तरी वर माकडं सुखानं शेंगा खात होती.

रस्ता तिथून दोन्हीकडे जातो. मागे मेहकरवरून चिखलीला, जिथे व्यापारी किल्लीची वाट पाहत होता. पुढे मंठा, जालना आणि घर. मी सासूबाईंना फोन लावला.

"आई, काय करू?"

तिकडून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे त्यांना वाईट वाटत होतं.

"वंदीले एकदा दाखवून तं आना," त्या म्हणाल्या. "मंग तिचं ते पाहीन. इकायची तं इका."

मी ब्रेक सोडला. गाडी उतारावरून आपली आपण निघाली, मी गिअर टाकला, आणि ती सुरू झाली. जालन्याकडे वळवली.

घर

तो प्रवास सांगत नाही. जिथे जिथे उतार होता तिथेच मला भूक लागली एवढं सांगतो. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला सोसायटीच्या फाटकातून आत आलो तेव्हा पहारेकऱ्यानं मला भंगारवाला समजून थांबवलं. जमीन तिथे तळहातासारखी सपाट. मी इंजिन चालू ठेवून वंदनाला फोन केला, "खाली ये."

ती आली. गाडीपुढे जरा वेळ उभी राहिली. मग पुढचं दार सोडून मागचं उघडलं आणि डावीकडे, पडद्यापाशी बसली. पडदा नाकाला लावला. मी मागे वळून पाहिलं नाही. पुढे बघत सारं सांगत सुटलो. आजीबाई, तलाठ्याची गाडी, जर्दा. ती हसत होती. "आणि तुझ्या वडिलांच्या गाडीला पहिला डाग मी लावला," मी म्हणालो. "जन्मात कधी बंद न पडलेली गाडी माझ्या हातून पडली. शेवटी नवरीनं उतरून, ओढणी कमरेला बांधून, बापाबरोबर ढकलली."

मागचं हसणं थांबलं.

"मी बी ढकलली होती," वंदना म्हणाली.

पुण्यात ती कधी वऱ्हाडी बोलत नाही, आईशी फोनवर सोडून. मी आरशात पाहिलं.

"कधी?"

"आपल्या लग्नात. तुमी झोपले होते."

वऱ्हाडाची बस पुढे गेली होती, ती सांगू लागली. दिवस मावळतीला होता. सिंदखेडराजाच्या पुढे नानांनी चहासाठी गाडी थांबवली आणि बंद केली. तिनं मला उठवायला हात पुढे केला तर नाना म्हणाले, झोपू दे त्याले, दिवसभर उभा होता बिचारा. चहा झाला. सेल्फ घेईना. रस्त्यावर कुणी नव्हतं. दोघांनी ढकलली, ती मागून शालू खोचून, नाना दारापासून चाक धरून.

"थोडी ढकलली अन् मी दगडावर बसली. म्हटलं, नाना, मले नाई जायचं. घरी घेऊन चला." ती पडद्याची चुणी बोटांनी सारखी करत होती. "नाना रागावले नाई. माह्याजवळ बसले. म्हने, चालू तं होऊ दे. मंग तू सांगशीन तिकडं वळवतो."

"मग?"

"मंग चालू झाली."

मला विचारायचं धाडस होत नव्हतं, तरी विचारलं. "आणि तू काय सांगितलंस?"

"तुमी घोरून राह्यले होते. माही पर्स दोन्ही हातानं पोटाशी धरून. कोनी नेईन म्हनून." ती थोडंसं हसली. "मी म्हटलं, जाऊ द्या नाना, सरळच चला."

वरच्या बाल्कनीतून कुणीतरी धुराबद्दल ओरडलं. आरशात मला तिचे डोळे दिसत होते, आणि मांजरपाटावर टेकलेला तिचा हात.

"परत जाताना नाना एकटे होते," ती म्हणाली. "आईले काही सांगितलं नाई. मले मात्र दिवाळीले म्हने, वंदे, आता कोन्याच पोरीची गाडी मी मधात बंद करनार नाई. गाडी थांबली की पोरगी मागं पाह्यते. अन् तू म्हटलं असतं, तं मी वळवली असती."

इंजिन घुरघुरत होतं. जपान, माग, कापूस, सारं त्या आवाजात होतं, आणि मी पाय ऍक्सिलेटरवर हलकेच ठेवून बसलो होतो, ती बंद पडू नये म्हणून.

वंदनानं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बंद करा आता," ती म्हणाली. "आलं घर."